वडील बेपत्ता, आई गेली: भाच्यांना कॅनडात नेण्याआधीची नागपुरातली कामं

विचारणाऱ्या ताई कॅल्गरीला राहतात. त्या पीआर, म्हणजे तिथल्या कायम रहिवासी, यजमान कॅनडाचे नागरिक, पदरी एक मुलगी. नागपुरातली त्यांची मोठी बहीण गेल्या वर्षी आजारपणात गेली. बहिणीचे यजमान २०१६ साली घरातून निघून गेले, ते परतले नाहीत. मागे दोन मुलं: मुलगा १६ वर्षं ८ महिन्यांचा, मुलगी १२ वर्षांची. दोघं सध्या मानेवाड्याला आजीजवळ. एका एजंटाने ताईंना सांगितलं, "अनाथ भाच्यांची वेगळी कॅटेगरी आहे, फॉर्म भरला की काम झालं." हे खरं का आणि सुरुवात कुठून करायची, हा त्यांचा प्रश्न.

ताई, कॅटेगरी आहे. तेवढं एजंट खरं बोलला. पण तुमच्या केसमध्ये फॉर्म हे शेवटचं काम आहे, आणि त्याआधीची सगळी कामं कॅल्गरीत नाही, इथे आहेत. मी सिव्हिल लाइन्सला वीसेक वर्षं पालकत्व आणि वारसाची प्रकरणं चालवतो. कॅनडाचे फॉर्म मी भरत नाही. पैसे घेऊन ते काम करण्याचा अधिकार कॅनडाचा वकील किंवा परवानाधारक पॅरालीगल, क्युबेकचा नोटरी किंवा तिथल्या कॉलेज ऑफ इमिग्रेशन अँड सिटिझनशिप कन्सल्टंट्सचा परवानाधारक सल्लागार यांनाच आहे. तुमच्या एजंटाला आधी परवाना क्रमांक विचारा. तो विषय बदलायला लागला तर तुम्हीही एजंट बदला.

आता मूळ नियम. कॅनडाच्या इमिग्रेशन नियमावलीत कलम ११७(१)(एफ) आहे. त्याखाली भाऊ, बहीण, भाचा-भाची, पुतण्या-पुतणी किंवा नातवंड यांना स्पॉन्सर करता येतं, म्हणजे त्यांची हमी घेऊन तिकडे बोलावता येतं. अट अशी की मूल १८ च्या आतलं, अविवाहित आणि कोणाबरोबर जोडीदार म्हणून न राहणारं हवं, नातं रक्ताचं किंवा दत्तकाचं हवं, आणि मुलाचे आई-वडील दोघंही मृत हवेत. चुलत-मावस भावंडं यात बसत नाहीत. वडील तुरुंगात आहेत, सोडून गेले, दुसरं लग्न केलं, कुठे आहेत कोणालाच ठाऊक नाही, मुलं आजीकडेच वाढली, यातलं काहीही चालत नाही. आपल्याकडे अनाथ हा शब्द फार सैल वापरला जातो. महिला व बालविकास विभागाचं अनाथ प्रमाणपत्र, बालसंगोपन योजनेचे पैसे, शाळेच्या फॉर्मवरचा शेरा, असे कागद घेऊन लोक माझ्याकडे येतात आणि म्हणतात, सरकारनेच अनाथ मानलंय की. आपल्या सरकारने मानलं असेल. कॅनडाचा अधिकारी दोन मृत्यू प्रमाणपत्रं मागतो, आणि तुमच्याकडे एकच आहे.

म्हणजे तुमची अख्खी केस मेहुण्यांवर अडली आहे. बाकीचं सगळं त्याच्यानंतर.

एखाद्या माणसाविषयी, ज्यांना त्याची खबर साहजिकच असायला हवी होती अशांना, सात वर्षं काहीच कळलं नसेल, तर तो जिवंत आहे हे सिद्ध करण्याची जबाबदारी तसं म्हणणाऱ्यावर जाते. पुरावा कायद्यात हे कलम १०८ होतं. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झाला, त्यात ते कलम १११ आहे. तुमचे मेहुणे २०१६ साली गेले, म्हणजे सात वर्षं २०२३ मध्येच भरली. पण ती भरली म्हणून महापालिका आपोआप मृत्यूचा दाखला देत नाही. दिवाणी न्यायालयात दावा लावून, अमुक इसम मृत समजावा असा हुकूमनामा घ्यावा लागतो. त्याची प्रमाणित प्रत जन्म-मृत्यू नोंदणी विभागात दिली की दाखला निघतो. दाखल्यावरच्या तारखेचा एक गुंता असतो. सर्वोच्च न्यायालयाने २००४ साली आयुर्विमा महामंडळाच्या एका प्रकरणात सांगितलंय की कायदा मृत्यू गृहीत धरतो, मृत्यूची तारीख नाही. तेव्हा दाव्यात "२०१६ सालीच वारले" असं ठोकून लिहू नका. तुमच्याकडे त्याचा पुरावा नाही, आणि कॅनडाच्या नियमाला तारखेशी फारसं घेणंदेणंही नाही.

दाव्याचा कणा म्हणजे २०१६ ची मिसिंगची तक्रार. ती पोलीस ठाण्यात दिली होती का? दिली असेल तर तिची नक्कल आणि आजवर शोध लागला नाही असं पोलिसांचं पत्र, हे दोन कागद सोन्याच्या मोलाचे. दिली नसेल तर अवघड आहे, पण अशक्य नाही. मग बँक खात्यात २०१६ नंतर व्यवहार नाही, मोबाईल बंद, मतदार यादीतलं नाव, कारखान्यातली हजेरी कधी तुटली, असे तुकडे जमवावे लागतात. वर्तमानपत्रात जाहीर नोटीसही द्यावी लागते.

साक्षीला मात्र त्यांचे स्वतःचे आई-वडील आणि भाऊ हवेत. "साहजिकच खबर असायला हवी होती अशी माणसं" म्हणजे प्रामुख्याने तेच. आणि अशा घरांत गाडी नेमकी इथेच फसते. मुलांचे काका काटोलला शेती सांभाळतात असं तुम्ही लिहिलंय. भाऊ मृत ठरला की त्याचा हिस्सा या दोन मुलांच्या नावावर चढणार, हे त्यांना कोणी सांगायची गरज नाही. माझ्या टेबलासमोर असे काका कितीतरी बसलेत. कोणी सरळ म्हणतात की जमीन सोडायला सांगा, सही देतो. कोणी काहीच बोलत नाहीत, फक्त तारखेला येत नाहीत. एकच सांगतो, मुलांचा हिस्सा सोडून देऊन साक्ष विकत घेऊ नका. अज्ञानाच्या, म्हणजे १८ खालच्या मुलाच्या, स्थावर मिळकतीचा हक्क न्यायालयाच्या परवानगीशिवाय सोडता येत नाही, आणि तसा कागद केलाच तर मुलं मोठी झाल्यावर तो रद्द करून मागू शकतात. काकांना हेच समजावून सांगा: जमीन कुठे जात नाही, कसणारे तुम्हीच, सातबाऱ्यावर फक्त नावं लागतील. बहुतेक वेळा बोलणी या वाक्यावर थंडावतात. आणि त्यांची साक्ष मिळालीच नाही तरी दावा बुडत नाही, लांबतो.

लांबणं मात्र तुम्हाला परवडणारं नाही. मुलाकडे १६ महिने आहेत. शासनाला प्रतिवादी केलं तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८० खाली दोन महिन्यांची नोटीस द्यावी लागते. त्यासाठी थांबू नका. मुलगा १८ चा होतोय ही तातडी दाखवून कलम ८०(२) ची परवानगी मागा, आणि त्याच अर्जात प्रकरण लवकर चालवावं अशी विनंती करा. न्यायाधीशाला कारण दिसलं तर तारखा जवळच्या मिळतात. उन्हाळ्याची सुट्टीही हिशेबात धरा. मे महिन्यात नागपुरात पारा ४५ ला टेकतो आणि न्यायालयात शुकशुकाट असतो.

आणखी एक गोष्ट, आणि ही मी अशिलांना पहिल्याच भेटीत सांगतो. आपल्या न्यायालयाच्या हुकूमनाम्याने कॅनडाचा अधिकारी बांधला जात नाही. "ठावठिकाणा माहीत नाही" ही परिस्थिती त्यांच्या नियमात बसत नाही, तेव्हा तो फाईल उघडून विचारेल की हे खरंच मृत आहेत की नुसतेच सापडत नाहीत. म्हणून एकतर्फी, चार ओळींचा हुकूमनामा घेऊन पळू नका. कोणी काय साक्ष दिली, पोलिसांनी काय शोध घेतला, हे सविस्तर नोंदलेला निकाल हवा. कॅनडाच्या अर्जातच तिथल्या इमिग्रेशन कायद्याच्या कलम २५ खाली मानवतेच्या आधारावर विचार व्हावा अशी स्वतंत्र मागणीही ठेवता येते. ती नीट मांडणं तुमच्या तिकडच्या वकिलाचं काम. हुकूमनामा यायच्या आत मुलाचे १८ भरायला आले, तर प्रलंबित दाव्याचे कागद आणि ही मागणी जोडून अर्ज दाखल करायचा का, हेही त्यालाच आजच विचारून ठेवा. अपुरा अर्ज ते परत पाठवतात, आणि परत आलेला अर्ज वयाच्या हिशेबात धरला जात नाही.

आता नावांचं बघू. हे ऐकायला किरकोळ वाटतं, पण माझ्या अनुभवात फाईली सगळ्यात जास्त इथेच रखडतात. तुम्हाला सिद्ध करायचंय की तुम्ही आणि मुलांची आई सख्ख्या बहिणी. तुमच्या पासपोर्टवर तुमच्या यजमानांचं नाव आणि आडनाव. बहिणीच्या मृत्यू दाखल्यावर तिच्या यजमानांचं. दोन कागद शेजारी ठेवले तर या दोन बायकांचा एकमेकींशी काही संबंध आहे असं कोणालाही वाटणार नाही. त्यात आपल्याकडे लग्नात मुलीचं पहिलं नावसुद्धा बदलतात. माहेरची सुनंदा सासरी वैशाली होते, शाळेच्या दाखल्यावर एक नाव, आधारवर दुसरं. कॅनडातल्या अधिकाऱ्याने तांदळात नाव लिहिण्याचा विधी कुठे पाहिलाय! त्याच्या लेखी त्या दोन वेगळ्या बायका.

त्यासाठी साखळी जोडावी लागते: दोघींचे जन्मदाखले, त्यावर तेच आई-वडील, बहिणीचं विवाह नोंदणी प्रमाणपत्र, मग मुलांच्या जन्मदाखल्यावर आईचं तेच नाव. ज्यांचा जन्म घरी झाला त्यांच्या जन्माची नोंद बरेचदा सापडत नाही. वर्षभरानंतरची नोंद आता दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाने होते. २०२३ च्या दुरुस्तीनंतर ते अधिकार जिल्हाधिकारी, उपविभागीय अधिकारी किंवा त्यांनी प्राधिकृत केलेल्या कार्यकारी दंडाधिकाऱ्याकडे आलेत. हे होईपर्यंत दुसरे पुरावे गोळा करा. माझा आवडता कागद म्हणजे वारसाचा फेरफार. मुलांचे आजोबा, म्हणजे तुमचे वडील, वारल्यावर शेतीवर वारस चढले असतील तर तलाठ्याच्या त्या एका नोंदीत "मुलगी, मुलगी, पत्नी" अशी ओळीने नावं असतात. आजोबा रेल्वेत किंवा सरकारी नोकरीत असतील तर सेवापुस्तकातली कुटुंबाची माहितीही तितकीच भक्कम. जुनं रेशनकार्ड घरात असेल तर जपून ठेवा, लॅमिनेट करू नका. एवढं करूनही अधिकाऱ्याचं समाधान झालं नाही तर डीएनए चाचणी सुचवतात, पण मावशी-भाच्याच्या नात्यात तिचा निकाल आई-मुलासारखा ठाम येत नाही. म्हणून कागदच मजबूत करा. मराठी कागदांचं इंग्रजी भाषांतर घरच्या माणसाने केलेलं चालत नाही, अगदी तो इंग्रजीचा प्राध्यापक असला तरी. भाषांतरकाराचं प्रतिज्ञापत्र सोबत लागतं.

पालकत्वाचं बोलतो, आणि इथे माझी स्वतःची चूक सांगतो. बऱ्याच वर्षांपूर्वी एका पुतणीच्या प्रकरणात मी आजोबांना पालक नेमून घेतलं, आदेश हातात आला, पेढे वाटले. कागद परदेशी गेले आणि तिकडून विचारणा आली की मुलीला देशाबाहेर नेण्याची परवानगी कुठे आहे? १८९० च्या पालक व पाल्य कायद्यात कलम २६ आहे. न्यायालयाने नेमलेला पालक मुलाला त्या न्यायालयाच्या हद्दीबाहेर परवानगीशिवाय नेऊ शकत नाही. कॅनडा राहू द्या, कायद्याने अमरावतीसुद्धा हद्दीबाहेरच. ते कलम मला पाठ होतं, विनंतीच्या परिच्छेदात लिहायला विसरलो. नव्याने अर्ज, पाच महिने गेले. तेव्हापासून मी मसुद्यात ते वाक्य सगळ्यात आधी टाइप करून घेतो: "कॅनडात मावशीजवळ कायमस्वरूपी राहण्यासाठी नेण्यास परवानगी असावी."

तुमच्या बाबतीत अर्जदार आजी असाव्यात. मुलं त्यांच्याजवळ राहतात, म्हणून नागपूरच्या कुटुंब न्यायालयाला अधिकार आहे. तुमचं संमतीचं प्रतिज्ञापत्र, घराचे आणि उत्पन्नाचे कागद सोबत जोडू. वडील कायद्याने अजून जिवंत आहेत, आणि ते जिवंत व लायक असताना कलम १९ प्रमाणे दुसरा पालक नेमता येत नाही. म्हणून त्यांना प्रतिवादी करून वर्तमानपत्रातून नोटीस काढायची, आणि मृत्यू घोषणेच्या दाव्याची प्रत दाखवायची. दोन्ही प्रकरणं एकाच वेळी चालू द्या, एक संपायची वाट पाहून दुसरं लावू नका. न्यायाधीश मुलाला आणि मुलीला आत बोलावून विचारतील की तुम्हाला जायचंय का. हा उपचार नसतो. मुलाला समज असेल तर त्याची पसंती लक्षात घेता येते, असं कायदाच सांगतो. मुलांना उत्तर पढवून आणू नका, चटकन कळतं.

मुलांचे पासपोर्टही आत्ताच काढायला घ्या.

स्पॉन्सर कोण, यावरही तुमचा गैरसमज दिसतो. यजमान नागरिक आहेत, पगार त्यांचा मोठा, म्हणून त्यांच्या नावाने अर्ज करू असं तुम्ही लिहिलंय. तसं होणार नाही. रक्ताचं नातं तुमचं आहे, म्हणून स्पॉन्सर तुम्हीच. पीआर असलेल्या माणसाला स्पॉन्सर करता येतं, फक्त राहणं कॅनडातच हवं. यजमान सहस्वाक्षरी करू शकतात, त्याने त्यांचं उत्पन्न हिशेबात धरलं जातं. आणि उत्पन्नाची अट इथे आहे. नवरा-बायको किंवा स्वतःच्या मुलांना बोलावताना सहसा ती नसते, म्हणून तिकडचे ओळखीचे लोक "काही लागत नाही" म्हणतात. त्यांचं ऐकू नका. तुम्ही दोघं, तुमची मुलगी आणि ही दोन मुलं, असं पाच जणांचं कुटुंब धरून आकडा पाहावा लागेल. हा आकडा दरवर्षी बदलतो.

सही करताना दोघांनी नीट विचार करा. क्युबेक सोडून बाकी कॅनडात हे हमीपत्र १० वर्षांचं असतं. तेवढ्या काळात मुलांनी सरकारी निर्वाह मदत घेतली तर ती तुम्हाला परत करावी लागते. नोकरी गेली, तुमचा घटस्फोट झाला, भाचा पंचविशीत तुमच्याशी बोलेनासा झाला, तरी हमी सुटत नाही. मी हे भीती घालायला सांगत नाही. यजमानांना हे सहीच्या दिवशी कळू नये, आधी कळावं, एवढंच.

दोन मुलं म्हणजे दोन स्वतंत्र अर्ज. एकत्र पाठवा, एकमेकांचा उल्लेख करा, भावंडांची ताटातूट होऊ नये हे पत्रात स्पष्ट लिहा. पीआर मिळताना मोठ्यांना जी हक्क-फी भरावी लागते ती अनाथ नातेवाइकांना माफ आहे. बायोमेट्रिक १४ वर्षांपासून लागतं, त्याचे ८५ डॉलर. म्हणजे आजच्या घडीला फक्त मुलाचे. त्यासाठी मुंबई, पुणे किंवा हैदराबाद गाठावं लागेल. वैद्यकीय तपासणी त्यांच्या यादीतल्या डॉक्टरकडेच, आपल्या ओळखीच्या एमडींचं प्रमाणपत्र चालत नाही.

तुमच्या भावाने सुचवलं की सरळ दत्तकपत्र करून टाका, मेहुण्यांचा प्रश्नच मिटला. मिटत नाही. हिंदू दत्तक कायद्यात मूल १५ च्या आतलं लागतं, म्हणजे तुमच्याकडे तशी रूढी नसेल तर मुलगा तिथेच बाद. मुलीचं म्हणाल तर तुम्हाला मुलगी असताना दुसरी मुलगी दत्तक घेता येत नाही, तोच कायदा, कलम ११. बाल न्याय कायद्याखाली नातेवाइकाने परदेशात दत्तक नेण्याचा वेगळा रस्ता आहे, पण तो कारा या केंद्रीय संस्थेमार्फत आणि आंतरदेशीय दत्तकाच्या हेग करारानुसार जातो, आणि कॅनडात प्रांताची मंजुरी लागते. फक्त व्हिसासाठी केलेलं दत्तक कॅनडा मानतही नाही. मुलीसाठी पुढेमागे तो विचार करता येईल, मुलासाठी नाही.

तुमची नणंद मेलबर्नला आहे म्हणून विचारलंत, तर ऑस्ट्रेलियात ऑर्फन रिलेटिव्ह व्हिसा, सबक्लास ११७ आहे, आणि तिथे आई-वडील बेपत्ता किंवा कायमचे असमर्थ असले तरी चालतं. तुमच्या मेहुण्यांची अडचण तिथे आलीच नसती. पण ही मुलं तुमच्या नणंदेची कोणी लागत नाहीत, त्यामुळे उपयोग नाही. अमेरिकेत भाच्यांसाठी अशी कॅटेगरीच नाही. तिथे कायद्यातला "ऑर्फन" हा शब्द दत्तकाच्या संदर्भात येतो, त्यावरून इंटरनेटवर भरपूर गोंधळ आहे.

आता या आठवड्यातलं काम. आजींच्या शेजारच्या कोणाला तरी घेऊन पोलीस ठाण्यातून २०१६ च्या तक्रारीची नक्कल मिळते का पाहा, आणि बहिणीच्या मृत्यू दाखल्यावरचं नाव मुलांच्या जन्मदाखल्याशी अक्षर न अक्षर जुळतं का ते तपासा. चूक असेल तर महापालिकेच्या झोन कार्यालयात दुरुस्तीचा अर्ज आजच टाका. काटोलच्या काकांना मात्र फोन करू नका, प्रत्यक्ष कोणीतरी जा.

आणि आजींशी बोला. अर्जदार त्या असणार, शपथेवर त्या सांगणार की नातवंडं परदेशी गेली तर त्यांचं भलं आहे. अशाच एका प्रकरणात एक आजी पिंजऱ्यात उभ्या राहिल्या, सगळं बरोबर सांगितलं, आणि खाली उतरल्यावर मला म्हणाल्या, "वकीलसाहेब, मी तं हो म्हनलं. पन दोनी पोट्टे गेल्यावर मले घरात कोन हाय?" तुम्ही पाठवलेल्या कागदांत आजींचं पुढे काय, याबद्दल एक ओळ नाही. त्यांचं आधी ठरवा, मग त्यांना घेऊन माझ्याकडे या. सकाळी अकराच्या आत आलात तर बरं, नंतर मी कोर्टात असतो.